चार वाजता, देवळात

"झालं ते झालं, मावशी. प्रभूची इच्छा," ओसवाल्ड म्हणाला आणि बसण्याआधी त्याने आमची खुर्ची रुमालाने पुसली.

खुर्ची स्वच्छ होती. घरात मयत झालं की माणसं येतात, आणि आलेली माणसं आधी घर बघतात, मग मयत. हे मला माहीत होतं म्हणून सकाळीच मी सगळ्या खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. पण ओसवाल्डची पँट पांढरी होती. वर लाल टी-शर्ट, आणि खिशावर सोनेरी दोऱ्याने भरलेलं 'नाताळ समिती'. त्या दिवशी तेवीस डिसेंबर होता. नाताळच्या गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं काम अर्धवट सोडून तो थेट चर्चमधून आमचं सांत्वन करायला आला होता. हे त्याने आल्या आल्या दोनदा सांगितलं.

आतल्या खोलीत माझा बाप बर्फाच्या लाद्यांवर पडला होता. पहाटे गेला. आईने लगेच शेजारच्या इनासला बर्फ आणायला पिटाळलं. बर्फ आला, पण तो घेऊन आला इनासचा धाकटा भाऊ. इनासची रिक्षा दारात उभी, आणि इनास स्वतः गायब. मयताच्या घरी कामाचा माणूस नेमका असाच गायब होतो, असं मनाशी म्हणून मी तो विषय सोडून दिला.

ओसवाल्ड आमच्या करंजभाटच्या चर्चच्या पॅरिश कौन्सिलचा उपाध्यक्ष. अध्यक्ष कायम फादरच असतात, त्यामुळे उपाध्यक्ष हाच खरा मालक. हा मस्कतला पैसे कमवून वसईला परतला, टाइल्सचं दुकान टाकलं आणि चर्चच्या व्हरांड्याला फुकट टाइल्स बसवून दिल्या. दर पावसाळ्यात त्या टाइल्सवर निदान एक म्हातारी घसरून पडायची. पण बोलायचं कुणी नाही, कारण कोपऱ्यात संगमरवरावर त्याच्या आईबापांची नावं कोरलेली होती.

"मग दफन कधी ठरवताय?" त्याने विचारलं.

"उद्या," आई म्हणाली.

"बरोबर. उद्या सकाळी सातला. मी फादरांशी बोलून ठेवतो. थेट दफनभूमीत न्यायचं, तिथे फादर छोटीशी प्रार्थना घेतील. शांतपणे. घरच्या घरी."

"उद्या चार वाजता," आई म्हणाली. "देवळात."

आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. ओसवाल्ड हसला. लहान मूल काहीतरी भलतंच मागतं तेव्हा हसतात तसं.

"मावशी, उद्या चोवीस तारीख."

"ठाऊक आहे."

"साडेसहाला बिशप येतायत. गोठ्याला आशीर्वाद द्यायला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बिशप आपल्या गोठ्यासाठी येतायत. लाल गालिचा अंथरलाय. आणि गोठा वेदीच्या पायरीपासून निघून मधल्या वाटेत आलाय. शवपेटी न्यायची कुठून?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग ओसवाल्डने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. खालच्या आवाजात माणूस खरं बोलतो असं म्हणतात. ओसवाल्ड खालच्या आवाजात घाणेरडं बोलायचा.

"आणि तसं बघितलं तर मनवेलकाकांचं सगळं गावाला माहीत आहे. इतकी वर्षं चर्चची पायरी चढले नाहीत. कुठे राहिले, कुणाबरोबर राहिले... लोक विचारतात."

"कुठले लोक?" मी विचारलं.

"लोक," तो म्हणाला. "इल्डा, तू शिकलेली आहेस. तुला समजतं."

मला समजत होतं. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. हायस्कुलात शिकवायचे आणि चर्चच्या गायनमंडळाची प्रमुख होते. की-बोर्ड वाजवणारं सगळ्या धर्मग्रामात मी एकटीच, म्हणून मला प्रमुख ठेवलं होतं. तेवढ्यासाठी माझ्या बापाकडे आणि माझ्या लग्न न होण्याकडे दुर्लक्ष करण्यात आलं होतं.

माझा बाप लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. चांगला वाजवायचा, असं सगळे सांगतात. त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं तेवढंच असल्यामुळे जो तो तेच सांगतो. मी कॉलेजात असताना एका सुपारीला म्हणून तो जव्हारकडे गेला आणि परत आला नाही. तिथे एसटी स्टँडच्या मागे द्वारका नावाची एक विधवा खानावळ चालवायची. तिच्याकडे जेवायला गेला आणि तिथेच राहिला. आईने केळीची पानं आणि अळूच्या जुड्या बाजारात विकून मला आणि माझ्या भावाला वाढवलं. भाऊ नेल्सन पुढे कुवेतला गेला आणि तोही जवळजवळ परत आला नाही.

बाप पळाला तेव्हा चर्चच्या महिला मंडळाने आईला सांगितलं, थोडे दिवस तू पुढे उभी राहून रोझरीची जपमाळ सांगू नकोस, बरं दिसत नाही. नवरा पळाला तिचा, आणि तोंड बंद करायचं तेही तिनेच. आई म्हणाली, "बरं." ते थोडे दिवस काही संपले नाहीत. आई शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या मागून प्रार्थना म्हणत राहिली. मला महिला मंडळाचा राग यायचा, पण खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा आईच्या त्या 'बरं'चा जास्त यायचा.

आणि मरायच्या वर्षी, ईस्टरनंतर, बाप परत आला. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, हातात एक पिशवी. ट्रम्पेट नव्हतंच, विकून प्याला असणार. आईने काही विचारलं नाही. आतल्या खोलीत खाट टाकली. आठ महिने तिने त्याला धुतलं, पुसलं, भरवलं. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

"कुमसार तरी केला होता का त्यांनी?" ओसवाल्ड विचारत होता. पापांची कबुली देऊन मेला की तसाच मेला, एवढंच त्याला हवं होतं.

"फादर पास्कल येऊन गेले दोनदा. शेवटचं तेल लावलंय," आई म्हणाली. "त्यांना विचार."

"विचारायचं काय त्यात! तुमच्या शब्दावर विश्वास आहेच," ओसवाल्ड उठत म्हणाला. "सकाळी सात. मी सगळी व्यवस्था बघतो. तुम्ही काळजी करू नका."

"चार," आई म्हणाली.

तो गेल्यावर मी तिला विचारलं, "चार कशाला? नेल्सन येतोय का?"

"त्याला रजा नाही."

"मग?"

"चारच," आई म्हणाली आणि बर्फाचं पाणी टाकायला बादली घेऊन आत गेली.

मला कारण कळेना. पण ओसवाल्डला सात हवे होते म्हणून मला चार हवे झाले. बापाला चर्चमधून न्यावं की खाडीत टाकावं, मला सारखंच होतं. मात्र ओसवाल्डच्या गालिच्यासाठी त्याला मागच्या दाराने न्यायचं, हे मी होऊ देणार नव्हते.

दुपारी मी फादरांच्या बंगल्यावर गेले.

फादर पास्कल हे चांगले गृहस्थ होते, म्हणजे कुणाच्याच उपयोगाचे नव्हते. ते चहात बिस्किट बुडवत बसले होते. ओसवाल्ड समोर होताच. माझ्याआधी पोचला होता. टेबलावर बिशपांच्या स्वागताची मोठी माळ एका ताटात ठेवली होती आणि तिच्यावर ओलं फडकं टाकलं होतं.

"ये इल्डा, बस. फार वाईट झालं," फादर म्हणाले. "मी उद्या सकाळी सातला..."

"चार वाजता, फादर. चर्चमध्ये. आईने सांगितलंय."

फादरांनी ओसवाल्डकडे बघितलं. ओसवाल्डने छताकडे.

"बघू या," फादर म्हणाले. "म्हणजे हक्क तर आहेच. त्याबद्दल दुमत नाही. माणूस संस्कार घेऊन गेलाय. पण आता सोय बघावी लागते. गोठा..."

"गोठा आगमनकाळ संपल्यावर मांडतात ना, फादर? अजून चौथ्या मेणबत्तीचा आठवडा चालू आहे. तुम्हीच रविवारी सांगितलंत, हे दिवस शांतपणे वाट बघायचे आहेत म्हणून."

"प्रवचनात सांगितलं," ओसवाल्ड म्हणाला. "प्रवचन वेगळं, नियोजन वेगळं."

हे वाक्य तो इतक्या सहज बोलला की फादरांनी मानसुद्धा हलवली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बिस्किट खाल्लं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "सकाळी सात तर सात. पण मग उद्या रात्रीच्या मिस्सेला की-बोर्डवर मी नसेन. माझा बाप गेलाय. मी घरी बसेन."

बिशप येणार होते, आणि नाताळचं 'ग्लोरिया' गीत बिनसुराचं झालं असतं. बापाच्या मरणाने जे झालं नव्हतं ते तेवढ्याने झालं. ओसवाल्डचा चेहरा पडला.

"हे ब्लॅकमेल आहे," तो म्हणाला.

"नाही, ओसवाल्डभाऊ. हे नियोजन आहे."

फादर पास्कल खोकले. मग त्यांनी आपला कायमचा तोडगा काढला, ज्यात कुणाचंच समाधान होत नाही. मयताची मिस्सा, म्हणजे पूर्ण उपासना, चार वाजता चर्चमध्येच होईल. पण गोठा हलणार नाही. शवपेटी मुख्य दाराच्या आत, गालिचा सुरू होतो त्याच्या अलीकडे ठेवायची. नातेवाईक मागच्या बाकांवर बसतील. फादर वेदीवरून मिस्सा करतील.

बाहेर पडताना मी चर्चमध्ये डोकावले. गोठा खरंच अवाढव्य होता. थर्माकोलचा डोंगर, त्यावर कापसाचा बर्फ, वाडीतला पाण्याचा पंप लावून केलेला धबधबा. बर्फ आणि खजुराची झाडं शेजारी शेजारी. फायबरचे तीन राजे, त्यांच्या मागे गुडघ्याएवढी मेंढरं आणि माणसाच्या छातीला येईल एवढा एक उंट. सगळी वरात मधल्या वाटेने निम्म्या चर्चपर्यंत आलेली. माझ्या गायनमंडळातल्या बाया डोंगराच्या कडेला उभ्या राहून कॅरल म्हणत होत्या.

"उद्या चारला माझ्या बापाची मिस्सा आहे," मी त्यांना सांगितलं. "कोण कोण गाणार?"

रिटा आमची मुख्य गायिका. तिने गळ्याला मफलर गुंडाळला होता. वसईच्या डिसेंबरात, दुपारी तीन वाजता.

"इल्डा, रागावू नकोस," ती म्हणाली. "पण रात्रीसाठी आवाज राखायला हवा. दुःखाची गाणी गायली की घसा बसतो."

"आनंदाची गायली की बसत नाही?"

"ती वरच्या पट्टीत असतात," ती गंभीरपणे म्हणाली.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. शवपेटी दारात, आपण मागे, गाणी नाहीत. मला वाटलं आता तरी ती चिडेल.

"बरं," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाठ फिरवून अंगणात जाऊन बसले. ज्या बाईला कुणी कुठेही बसवावं, तिच्यासाठी मी भांडत होते.

इनास संध्याकाळी उगवला. धुळीने माखलेला. आईने त्याला मागच्या दारी चहा दिला आणि दोघं हळू आवाजात काहीतरी बोलली. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही निघालो. माणसं फार नव्हती. ज्यांच्या घरी गोड पदार्थ तळून झाले होते ती आली. बापाच्या बँडमधले तीन म्हातारे आले, त्यांच्या निळ्या कोटांची बटणं पोटावर लागत नव्हती. त्यांनी वाटेत काहीतरी संथ वाजवलं. आधी थोडी घेतलेली होती, पण सूर चुकले नाहीत. इनास आणि ते तिघे, मिळून चौघांनी शवपेटी उचलली होती.

चर्चच्या दारात ओसवाल्ड उभा होता. आज पांढरा शर्ट, पांढरी पँट. त्याच्या मागे गालिचा सुरू होत होता, आणि गालिच्यावर पाय पडू नये म्हणून त्याने सुतळी बांधली होती.

"इथेच ठेवा," तो खांदेकऱ्यांना म्हणाला. "इथे, स्टुलांवर. बास."

शवपेटी ठेवली. ती नेमकी दारात आली. आम्ही दोघी कशाबशा कडेने आत शिरलो. बाकीची माणसं बाहेर अंगणात उभी राहिली, कारण आत यायला वाटच उरली नाही. दूर वेदीवर फादर पास्कल हात जोडून वाट बघत होते. मध्ये डोंगर, बर्फ आणि राजे.

आईने एकदा मागे वळून अंगणाकडे बघितलं. मग पुढे बघितलं. मग ती वाकली, सुतळीखालून पलीकडे गेली आणि गालिच्यावरून चालू लागली.

"मावशी!" ओसवाल्ड म्हणाला.

आई उंटापाशी थांबली. तिने लुगड्याचा पदर कमरेला खोचला, बाजारात ओझं उचलताना खोचायची तसा. उंटाच्या पोटाखाली हात घातले आणि तो उचलला.

उंट पोकळ होता, पण मोठा होता. माझी आई पाच फूटसुद्धा नव्हती. उंटाखालून फक्त तिचे पाय दिसत होते. ती तशीच चालत दारापर्यंत आली आणि ओसवाल्डसमोर उभी राहिली.

"धर," ती म्हणाली.

"मावशी, अहो हे काय..."

"धर बाबा. जड आहे."

त्याने धरला. दुसरं काय करणार? म्हातारी बाई वजन पुढे करते तेव्हा माणसाचे हात आपोआप पुढे होतात. आई परत गेली आणि एक राजा घेऊन आली. तो तिने बाकावर निजवला. मग मेंढरं, दोन दोन, काखेत मारून.

"फादर!" ओसवाल्ड ओरडला. "फादर, बघताय ना?"

फादर पास्कल बघत होते. बघण्यात ते पटाईत होते. त्यांनी हातातलं पुस्तक उघडलं, बंद केलं आणि पुन्हा उघडलं.

"महिन्याचं काम आहे ते!" ओसवाल्ड मला म्हणाला. उंटाचं तोंड त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतं. "सांग तुझ्या आईला!"

मी सुतळी सोडली. इनास आत आला, त्याच्यामागे बँडवाले आले, आणि चौघांनी डोंगराचं पुढचं टोक उचलून बाजूला सरकवलं. धबधब्याची नळी निसटली आणि गालिच्यावर पाणी पसरलं. दारातून बघणाऱ्या बायांमधून एक चीत्कार आला, तो रिटाचा. घसा चांगला होता तिचा.

वाट मोकळी झाली. शवपेटी वेदीपर्यंत गेली. मागोमाग अंगणातली माणसं आत आली आणि बाकांवर बसली. ओसवाल्ड मात्र दाराशीच राहिला. उंट ठेवायचा कुठे हे त्याला सुचेना. खाली ओलं होतं, बाकांवर माणसं होती.

आई पहिल्या बाकावर जाऊन बसली. किती तरी वर्षांनी. मी तिच्या शेजारी बसायला गेले तर तिने हाताने थांबवलं.

"तू पलीकडे सरक," ती म्हणाली. मध्ये तिने एका माणसापुरती जागा ठेवली. मग ती उठून दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "द्वारकाबाई, पुढे या."

सगळं चर्च मागे वळलं.

दाराबाहेर, व्हरांड्याच्या टाइल्सवर, एक बाई उभी होती. सावळी, रुंद हाडाची, साठीकडे झुकलेली. निळी साडी, कपाळावर कुंकू नाही, हातात नायलॉनची पिशवी. चपला तिने काढून पायरीखाली ठेवल्या होत्या. इतकी वर्षं मी मनात जिचं चित्र रंगवलं होतं, तिच्या ओठांना मी लाली लावली होती. ही बाई भांडी घासून आल्यासारखी दिसत होती.

ती आत येईना. तिच्या वाटेत ओसवाल्ड उभा होता, उंट कवेत घेऊन.

"ओसवाल्ड," आई म्हणाली, "बाजूला हो."

तो बाजूला झाला. उंटासकट. द्वारका गालिच्याच्या कडेकडेने, ओल्या जागा चुकवत पुढे आली. लोकांच्या माना तिच्याबरोबर सरकत होत्या. आईने तिला आपल्या आणि माझ्यामध्ये बसवलं. फादर पास्कलनी घाईघाईने क्रूसाची खूण केली आणि मिस्सा सुरू केली. त्यांच्या आयुष्यात त्यांनी योग्य वेळी केलेली ती एकच गोष्ट असावी.

माझा जीव जळत होता. तिच्या साडीला धुराचा आणि कांद्याचा वास येत होता. प्रवचन चालू असताना मी तिच्या पाठीमागून आईकडे वाकले.

"हिला कुणी बोलावलं?"

"मी. इनासला काल जव्हारला धाडला होता."

"म्हणून चार वाजता?"

"सकाळी निघाली तरी इथे पोचायला दुपार होते."

"घरी यायचं होतं ना मग. हे सगळं चर्चमध्ये कशाला?"

आईने माझ्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती.

"घरी तू उंबरा ओलांडू दिला असतास तिला?"

मी वेदीकडे बघितलं.

"देवळात कुणी कुणाला जा म्हणू शकत नाही," आई कुजबुजली. "आणि पेटी दारात राहिली असती तर ही बाहेरच राहिली असती. दोन वर्षं हिने त्याचं हगणं-मुतणं काढलं, इल्डा. हिच्याच्याने उचलवेना तेव्हा हिनेच गाडीत बसवून दिला. आठ महिने मी. शेवटचं तोंड बघायला नको हिला?"

समोर फादर 'प्रभू त्याला आपल्या जवळ घेवो' असं काहीतरी म्हणत होते. द्वारकाने पिशवीतून झेंडूची एक माळ काढली, ती घालावी की घालू नये हे न कळून मांडीवर धरून बसली. शेवटी झाकण लावायच्या आधी आईने ती माळ तिच्या हातातून घेतली नाही. तिचा हात धरून तिला शवपेटीपाशी नेलं. द्वारकाने माळ बापाच्या छातीवर ठेवली, त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला आणि मागे सरली. रडली नाही. आईही रडली नाही. रडत होती ती रिटा, पण तिला काय झालं होतं ते देवालाच माहीत.

दफनभूमीत द्वारकाने मला विचारलं, "मी माती टाकली तर चालेल का?"

आईने तिच्या ओंजळीत माती घातली.

आम्ही परतलो तेव्हा चर्चमध्ये धावपळ चालली होती. गालिचा उलटा करून अंथरत होते, डोंगर जागेवर ढकलत होते, ओसवाल्ड घसा फोडून हुकूम सोडत होता. गोठा वेळेवर उभा राहिला. पुढे मला कळलं की बिशप त्याच्यासमोर जेमतेम दोन मिनिटं थांबले, हात वर केला, छान आहे म्हणाले आणि नाश्ता कुठे आहे ते विचारलं.

"हिची गाडी सहाची आहे," आई मला म्हणाली. "स्टँडवर सोडून ये."

"मी?"

"मला स्कूटर येत नाही."

मी सोडायला गेले. द्वारका मागे एका बाजूला पाय सोडून बसली, पिशवी पोटाशी धरून. रस्ताभर घरांवर चांदण्या लटकत होत्या आणि जिकडेतिकडे तळणाचा वास होता. स्टँडवर गाडी लागली होती, पण कंडक्टर चहाला गेला होता, म्हणून थांबावं लागलं. न विचारता मला राहवेना.

"आमच्याबद्दल काही बोलायचे का ते?"

तिने विचार केला. खोटं शोधत असती तर एवढा वेळ लागला नसता.

"नाही," ती म्हणाली. "दारू नसली की झोपायचे. दारू असली की वाजवायचे. बोलायला मध्ये वेळच कधी होता."

मला हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला. "मग इतकी वर्षं ठेवून घेतलंत कशाला?"

"तुमच्या आईने आठ महिने कशाला ठेवलं?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "वाजवायचे मात्र चांगलं."

तिलाही तेवढंच सांगता येत होतं. मला ती आवडली नाही. आज वीसेक वर्षं झाली, ती आहे की गेली तेही मला ठाऊक नाही, आणि अजूनही ती मला आवडत नाही. पण कंडक्टरने बेल मारली तेव्हा तिची पिशवी मी वर दिली, आणि गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत उभी राहिले.

घरी आले तर आई ओट्यावर बसली होती. घर धुऊन काढलेलं, खाट अंगणात उभी केलेली. मला रात्रीच्या मिस्सेसाठी कपडे बदलायचे होते.

"गाडीला गर्दी होती का?" तिने विचारलं. "सणाचे दिवस. जागा मिळाली तिला?"

"मिळाली," मी म्हणाले. "खिडकीशी."

आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत गेले.